चौकात लागलेलं अभिनंदन

मंगळवेढ्याच्या मावशीकडून ज्वारीचं पोतडं घेऊन एसटीनं सोलापुरात उतरले, रिक्षा केली आणि आमच्या चौकाच्या वळणावर रिक्षावाल्यानं आरशात बघत विचारलं, "ताई, हे तुमीच न्हवं?" मी मान वर केली. विजेचा खांब आणि लिंबाचं झाड यांच्या मध्ये भला मोठा फ्लेक्स ताणून बांधला होता आणि त्यावर मी होते. पांढऱ्या गणवेशात, दात दाखवून हसत.

सोलापुरात फ्लेक्स म्हणजे काही नवल नाही. आमच्याकडं माणूस जन्मला की फ्लेक्स, मेला की फ्लेक्स, आणि मधल्या काळात दर वाढदिवसाला एकेक. मी स्वतः त्यांना आयुष्यभर हसत आले. पण हा फ्लेक्स वाचताना हसू काही येईना. वर 'हार्दिक अभिनंदन', खाली 'आपल्या प्रभागाची सुकन्या', मग माझं आडनावासकट पूर्ण नाव, मग मी आखातात ज्या इस्पितळात नर्स आहे त्याचं शहरासकट पूर्ण नाव. आणि त्याखाली, 'परदेशात रुग्णसेवा करत लेखणीतून समाजाचे डोळे उघडणाऱ्या सुप्रसिद्ध ब्लॉगलेखिका'. ब्लॉगचा पत्ता लाल अक्षरात होता. एरवी आमच्या फ्लेक्सवर शुद्धलेखनाचा खून पडलेला असतो, पण पत्त्यातलं एक अक्षरही चुकलेलं नव्हतं. शुभेच्छुक म्हणून आमच्या भागातले एक होतकरू भाऊ, महापालिकेला उभं राहायची तयारी करणारे, गॉगल लावून हात जोडून उभे. त्यांचा फोटो माझ्यापेक्षा मोठा. भोवती त्यांच्या कार्यकर्त्यांची मुंडकी.

रिक्षावाला म्हणाला, तुमच्याकडून मीटरचे पैसे घेत नाही. मी त्याच्या हातात नोट कोंबली आणि घराकडं पळत सुटले. पोतडं रिक्षातच राहिलं. ते तो बिचारा मागनं घेऊन आला.

आता हे एवढं भ्यायचं कारण सांगते. मी आखातातल्या एका देशात खासगी इस्पितळात काम करते. देश कुठला ते अजूनही लिहीत नाही. दुधानं तोंड पोळलंय, आता ताकसुद्धा फुंकून पिते. रुजू होताना आमच्याकडून लिहून घेतलं होतं की इस्पितळाबद्दल, रुग्णांबद्दल, सोबतच्या लोकांबद्दल कुठंही, कधीही, काहीही लिहायचं नाही, छापायचं नाही, टाकायचं नाही. मोडलं तर नोकरी गेली. आणि व्यवस्थापनानं मनावर घेतलं तर पोलिसात तक्रार. तिकडचे कायदे या बाबतीत फार कडक आहेत, विमानतळावरच बाजूला घेतात, असं आम्ही सगळ्याजणी दबक्या आवाजात बोलायचो. नुसती ऐकीव गोष्ट नव्हती ती. आमच्या मजल्यावरच्या एका केरळच्या मुलीनं वाढदिवसाच्या केकचा फोटो टाकला. केकच्या मागं भिंतीवर रुग्णांच्या नावांचा फळा होता, तिच्या लक्षातही आलं नाही. आठवड्याच्या आत तिला विमानात बसवलं. आंब्याचा केक होता. मीही खाल्ला होता.

हे सगळं डोळ्यांनी बघून मी लिहीत होते. का, असं मला हे सगळं बाहेर आल्यावर पुष्कळांनी विचारलं. अहो, नाहीतर डोकं फुटलं असतं! बारा-बारा तास इंग्रजीत हसायचं, मोडक्यातोडक्या अरबीत धीर द्यायचा, आणि खोलीवर येऊन भिंतीकडं तोंड करून झोपायचं. शुक्रवारी सुट्टी असली की मी पलंगावर मांडी घालून बसायची आणि मराठीत लिहायची. वॉर्डातलं, मेसमधलं, वसतिगृहातलं, मनातलं. तेवढा एक दिवस मी माझ्या घरात असायची.

काळजी घ्यायची, नाही असं नाही. माझं नाव नाही, इस्पितळाचं नाव नाही, देशाचं नाव नाही, फोटो तर नाहीच. आणि सगळ्यात मोठं कुलूप म्हणजे भाषा. मराठी तिथं कोण वाचतंय? या एका वाक्याच्या जिवावर मी चार वर्षं बिनधास्त लिहिलं. वाचणारे होते थोडेसेच, कुणी बार्शीचे, कुणी पुण्याचे, अनोळखी. मला तेवढे पुरे होते.

आणि आता माझा करार वाढवायची वेळ आलेली. सुट्टी संपवून परत गेले की सही व्हायची होती. वडील जाऊन बरीच वर्षं झाली. भावाचं झेरॉक्सचं दुकान लॉकडाऊननंतर लंगडत चाललंय. घर माझ्या नोकरीवर उभं आहे, हे आमच्याकडं कुणी बोलून दाखवत नाही, पण भिंतींनाही माहीत आहे.

घरात पाय टाकला तो आरडाओरडा करतच. माझा भाऊ जेवत होता, त्याचा घास हातातच राहिला. मी म्हटलं, ऊठ, शिडी घे, आत्ताच्या आत्ता तो फ्लेक्स खाली आला पाहिजे. तो म्हणाला, असं कसं काढायचं, भाऊंचा फ्लेक्स आहे, विचारावं लागेल. मग गेलो विचारायला.

भाऊ त्यांच्या संपर्क कार्यालयात पंख्याखाली बसले होते. मला बघून उठून उभे राहिले, चहा सांगितला, रविवारी तुमचा सत्कार ठेवलाय म्हणाले, शाल-श्रीफळ आणि एक बातम्यांचा पोर्टलवाला मुलाखतीला. मी सांगितलं, भाऊ, तुमच्या या अभिनंदनानं माझी नोकरी जाईल. ते हसले. त्यांना वाटलं मी लाजतेय. मी परत सांगितलं, सावकाश, लहान मुलाला सांगावं तसं. तेव्हा त्यांचा चेहरा जरा उतरला, पण ते म्हणाले, ताई, चांगलंच लिवलंय की आमी, वाईट कुटं लिवलंय? आणि फ्लेक्स लगेच उतरवला तर विरोधक म्हणणार, याला त्या बाईनंच हाकललं. दोन दिवस राहू द्या.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माणूस तसा वाईट नाही, अडीअडचणीला धावून येतो, पण त्या वेळी मला त्याच्या गॉगलचासुद्धा राग आला. मी म्हटलं, उतरवत नसाल तर मी ब्लेड घेऊन जाते आणि चौकात सगळ्यांदेखत फाडते, मग काय ते विरोधकांना सांगा. भाऊंनी पोरांना हाक मारली.

फ्लेक्स खाली आला. त्याची गुंडाळी करून पोरांनी ती मलाच आणून दिली, आठवण म्हणून. पण त्याचा उपयोग काय? भाऊंच्या स्टेटसला तो सकाळपासून होता. प्रभागाच्या ग्रुपवर, आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर, माझ्या शाळेच्या ग्रुपवर, सगळीकडं टाळ्यांची आणि हात जोडल्याची चित्रं. हौसेला मोल नाही म्हणतात. ते मोल मी भरणार होते.

घरी येऊन मी विचारलं, हे भाऊंना सांगितलं कुणी? ब्लॉगचं फक्त माझ्या भावाला माहीत होतं. त्यानं देवाची शपथ घेतली. मी त्याच्यावर भडकले, नाही नाही ते बोलले. तेव्हा आतून आई आली, पदराला हात पुसत.

"त्याला बोलू नगंस," ती म्हणाली. "मी सांगितलं."

आई मोडनिंबजवळच्या खेड्यातली, चौथी शिकलेली. तिला फोन आम्ही व्हिडिओ कॉलसाठी घेऊन दिला होता. भावानं कधीतरी तिला तो ब्लॉग उघडून दिला होता, अक्षर मोठं करून. पहिल्यांदा एक पान वाचायला तिला अख्खी दुपार लागायची. आता घडाघडा वाचते. मला दोघांनी पत्ता लागू दिला नव्हता, कारण कळलं तर मी लिहिताना हात आखडीन, असं भावाचं म्हणणं. खरं सांगायचं तर बरोबर होतं त्याचं.

आणि आईच्या भिशीच्या बायकांमध्ये माझा विषय निघाला होता. एकजण म्हणाली, लेकीला एवढ्या लांब पाठवलीस, काय करती, परक्यांची हागणी-मुतणी काढती की. बाकीच्या हसल्या. आईला ते लागलं. ती म्हणाली, माझी लेक लिहिती, शंभर माणसं वाचतात, तुमच्यातल्या कुणाच्या लेकीचं वाचतंय का कुणी? आणि फोन काढून दाखवला. त्या बायकांत भाऊंची वहिनी होती. तिनं भाऊंना सांगितलं, भाऊंनी आईकडं फोटो मागितला, आणि आईनं हुडकून सगळ्यात चांगला दिला: गणवेशातला, गळ्यात इस्पितळाचं ओळखपत्र असलेला. पत्ता बरोबर छापला जावा म्हणून तिनं भाऊंच्या माणसाला स्वतः फोन धरून दाखवला होता.

मी काय काय बोलले ते आता लिहीत नाही. आई ऐकून घेत उभी राहिली. तिनं त्या दिवशी भाकरीला हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्या वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टरचा मेसेज आला. एचआरवाले तुझ्याबद्दल विचारतायत, एवढंच. पाठोपाठ एचआरचा ईमेल: उद्या व्हिडिओवर हजर राहा. कशासाठी ते लिहिलेलं नव्हतं. लिहायची गरजही नव्हती.

मग सल्ले सुरू झाले. तिकडची माझ्या खोलीतली मैत्रीण म्हणाली, आत्ताच सगळं पुसून टाक. दुसरी म्हणाली, मुळीच पुसू नकोस, पुसलंस तर लपवलंस असं होईल. माझा भाऊ म्हणाला, सांग, ब्लॉग माझा नाहीच, दुसरंच कुणी लिहितंय. मी म्हटलं, आणि चौकात फोटो पण दुसऱ्याच कुणाचा लागला होता का? परत जावं की जाऊ नये, हाही प्रश्न होताच. न जावं तर नोकरी आपोआप गेली. जावं आणि विमानतळावरच कुणी हात धरला तर? तिकीट पाच दिवसांवर आलं होतं. आई कोपऱ्यात शेंगदाणे निवडत बसली होती, माझ्याबरोबर द्यायच्या चटणीसाठी. ती चटणी जाणार होती की नाही, ते कुणालाच माहीत नव्हतं. मध्येच म्हणाली, मला बसू दे तुझ्याजवळ, मी सांगते त्यांना, माझी चूक हाय. मी म्हटलं, आई, तू फक्त गप्प बस. ते म्हणताना माझा आवाज किती कडवट होता ते मला ऐकू आलं.

व्हिडिओला समोर तिघं होते. एचआरची बाई, कायद्याचं बघणारा एक माणूस, आणि हिशेब खात्यातला एक मराठी गृहस्थ, मान खाली घालून. त्याला बघून, आणि नंतर त्यानंच ओशाळून सांगितल्यावर, उलगडा झाला. तिकडच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर फ्लेक्सचा फोटो आला, तो या गृहस्थानं मोठ्या कौतुकानं एचआरमध्ये जाऊन दाखवला, की बघा, आपल्याकडची नर्स लेखिका आहे! वाईट हेतू नव्हताच त्याचा. आपल्या माणसांचा अभिमान मला चौकापासून पार समुद्रापलीकडं पुरून उरला.

एचआरच्या बाईनं विचारलं, हे तुम्ही लिहिता का? मी हो म्हटलं. रात्रभर मनात दहा उत्तरं जुळवली होती, पण तोंडातून हेच निघालं. मग तिनं पडद्यावर माझा ब्लॉग उघडला. तो इंग्रजीत होता. कुणी माणसानं बसून भाषांतर केलेलं नव्हतं, एक बटण दाबलं की झालं. चार वर्षं ज्या कुलपावर मी विसंबून होते ते असं एका बोटानं उघडत होतं आणि मला खबर नव्हती. मला वाटलं होतं, निदान भलतंसलतं भाषांतर झालं असेल, तेवढीच पळवाट. पण ते बरोबर होतं. वाचताना मला माझाच आवाज इंग्रजीत ऐकू येत होता.

कायद्यावाल्यानं एक उतारा वाचून दाखवला. एका म्हाताऱ्या बाईंबद्दल होता, ज्या माझ्याकडून रोज वेणी घालून घ्यायच्या आणि मुलगा आला का विचारायच्या. मुलगा येत नव्हता. नाव मी कुठंच घेतलं नव्हतं. पण खिडकीतून समुद्र दिसायचा, असं लिहिलं होतं. तो म्हणाला, तुमच्या मजल्यावर समुद्र दिसणारी खोली एकच आहे, त्या मुलानं हे वाचलं तर? तो मुलगा आईला भेटायला आला नाही ते चालतं आणि मी लिहिलं ते चालत नाही, असं जिभेच्या टोकावर आलं होतं. मी ते गिळलं. घर डोळ्यांपुढं होतं.

मग एचआरच्या बाईनं तिचा खरा प्रश्न विचारला. हे एवढं मोठं होर्डिंग कुणी लावलं? किती खर्च केलात तुम्ही? मी सांगितलं, मी नाही लावलं, आमच्या भागातल्या लोकांनी लावलं, आमच्याकडं अशी पद्धत आहे. तिनं त्या मराठी गृहस्थाकडं बघितलं. त्यानं मान हलवली, आहे म्हणाला. एका नर्ससाठी? तिनं विचारलं. हो, मी म्हटलं. मला पहिल्यांदाच त्या फ्लेक्सचा जरासा अभिमान वाटला, तोही नेमका नको त्या वेळी.

निर्णय तिथंच सांगितला. पोलिसात जाणार नव्हते. करार वाढवणार होते, पण वर्षभरापुरता, शेवटची ताकीद देऊन. अट एकच: ब्लॉग आज संध्याकाळच्या आत पूर्ण पुसायचा, त्याची प्रत कुठल्याही रूपात, कुणाकडंही ठेवायची नाही, आणि नोकरीत असेपर्यंत पुन्हा लिहायचं नाही. तसं सही करून पाठवायचं. मी हो, हो म्हणत गेले. पडदा बंद झाला. सुटलो, असं माझा भाऊ ओरडला. खरंच सुटलो होतो. मी देवाजवळ साखर ठेवली.

पुसायला बसले तेव्हा माझा भाऊ पेनड्राइव्ह घेऊन आला. गुपचूप ठेव की, कोण बघतंय, म्हणाला. 'कोण बघतंय' ऐकलं आणि मला हसू आलं, ते काही बरं हसू नव्हतं. मी म्हटलं, प्रत ठेवणार नाही असं लिहून दिलंय आणि मी ठेवणार नाही. मला परत असल्या पडद्यासमोर बसायचं नाही. तो पेनड्राइव्ह खिशात घालून निघून गेला.

आई माझ्या शेजारी येऊन बसली. दोन दिवस आम्ही एकमेकींशी कामापुरतंच बोललो होतो. ती म्हणाली, समदं जाणार का? मी म्हटलं, सगळं. ती म्हणाली, पूस मग. बोट खाली न्यायच्या आधी मीच जरा थांबले, तिला काही वाचायचंय का म्हणून. तिनं मान हलवली. पाठ हाय मला, म्हणाली. मी बोट दाबलं. खात्री आहे का, असं विचारलं गेलं, मी परत दाबलं. चार वर्षं गेली. आवाजसुद्धा झाला नाही. मग मी रडले, चांगली हमसून रडले, आणि आईनं डोक्यावरून हात फिरवला नाही, पाणी आणून दिलं.

नंतर तिनं तिच्या फोनवर पान उघडून बघितलं. उघडेना. चष्मा पुसून परत बघितलं.

"आता शुक्रवारी मी काय वाचू?" ती म्हणाली.

मी म्हटलं, रोज फोन करते की मी, तेव्हा विचारत जा.

"फोनवर तू लई खोटं बोलतीस," आई म्हणाली. तिचा आवाज शांत होता, राग नव्हता त्यात. "जेवलीस का म्हनलं की व्हय. झोप लागती का म्हनलं की व्हय. ताप आला हुता तवा बी व्हय, बरी हाय. तितं जिन्यात बसून रडलीस ते मला हितं वाचून कळलं. मी परत फोन केला, तर हसून बोललीस."

मी पाण्याचा तांब्या हातात धरून बसले.

"आता खरं सांगत जाशील?" तिनं विचारलं.

"व्हय," मी म्हणाले.

आईनं माझ्याकडं एकदा बघितलं, फोन बाजूला ठेवला, आणि भाकरी थापायला उठली.